पाल्मिराबाईंची कॉफी

भिंतीवर बत्तिस्ताचा फोटो बघितला आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो "शाब्बास गड्या".

सकाळचे साडेसात झाले असतील. पावाच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर ताजा कागद चिकटवला होता, खळ अजून ओली होती. वर बत्तिस्ताचा टाय घातलेला फोटो, खाली जाड अक्षरात नाव, कोपऱ्यात क्रॉस. आता मी पडलो इचलकरंजीचा. भिंतीवर फोटो, फोटोखाली नाव आणि कोपऱ्यात चिन्ह म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. असले कागद त्या गावात दर आठवड्याला लागायचे, आणि पाच महिने राहून माझी पक्की समजूत झाली होती की इथं बारा महिने निवडणुका चालतात. उमेदवार सगळे सत्तरीच्या आसपासचे कसे, एवढंच कळत नव्हतं. म्हटलं, म्हाताऱ्यांना मान देत असतील.

मी दुकानात शिरलो. बाहेर बोट दाखवून दुकानवाल्या बाईला म्हणालो, "बत्तिस्ता. ब्राव्हो. व्होतो, व्होतो." आणि डाव्या बोटाला शाई लावल्याची खूणही करून दाखवली. बाई माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं छातीवर क्रॉसची खूण केली आणि पाव न देताच आत निघून गेली.

काहीतरी चुकलं हे कळलं, पण काय ते कळेना. ह्याच्यापुढचे नऊ दिवस माझे असेच गेले.

ही गोष्ट १९९९ सालची. आमच्या मालकांनी इटलीहून आठ नवे माग मागवायचे ठरवले आणि ते चालवायला, दुरुस्त करायला शिकून ये म्हणून मला पाच-सहा महिन्यांसाठी तिकडं धाडलं. मी भालचंद्र खारगे, तिसऱ्या पिढीचा कोष्टी, कारखान्यात जॉबर. माग बिघडला की नीट करणारा तो जॉबर. वय एकतीस. त्याआधी मी पुण्याच्या पलीकडं गेलो नव्हतो. बेर्गामो शहरापासून तासाभरावर, डोंगराच्या पोटात एक गाव होतं आणि तिथं माग बनवायचा कारखाना. तिथल्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली मला दिलं. तो बत्तिस्ता.

बत्तिस्ताला मराठी येत नव्हती आणि मला इटालियन. पण माग दोघांनाही येत होता. तो एकेक शब्द सुटा करून, हाताने दाखवत बोलायचा. धागा म्हणजे फिलो. तुटला म्हणजे रोत्तो. हळू म्हणजे पियानो. आणि सूत खराब लागलं की नाक मुरडून 'स्कीफो' म्हणायचा, म्हणजे घाण, शिसारी येण्यासारखं. माझं सगळं इटालियन हे असं, मागावरचं. भालचंद्र त्याच्या जिभेला झेपेना म्हणून मी बालू झालो.

त्याचं घर माझ्या खोलीसमोरच, गल्लीच्या पलीकडं. मूलबाळ नाही. दर रविवारी बारा वाजले की त्याची बायको, पाल्मिराबाई, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर लाकडी डाव तीनदा वाजवायची. म्हणजे बालू, जेवायला ये. मी बड्याचं, म्हणजे गाईचं मटण खात नाही हे कळल्यावर तिनं माझ्यासाठी वेगळी अंडी करायला सुरुवात केली. मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा आणि अंडी. पहिल्यांदा मी सांज्यावर लोणचं घेतलं तेव्हा बाईंनीही बोटाने चाखलं, आणि नंतर माझी बरणी त्यांच्याच घरी राहिली. परमुलखात रविवारी कुणीतरी आपल्यासाठी डाव वाजवतं ह्याचं मोल घरात राहणाऱ्याला नाही कळायचं.

तो कागद लागायच्या दोन आठवडे आधी बत्तिस्ताच्या छातीत दुखायला लागलं आणि त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं. बरा होतोय, असंच मला सगळे सांगत होते. निदान मला तसं वाटत होतं. सांगणारे काय सांगत होते देव जाणे.

दुकानातून मी तसाच खाली सुखविंदरकडं गेलो. सुखविंदर माझ्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा, गोठ्यात गाईंच्या कामाला होता, सात वर्षं झाली होती त्याला. त्याला हाताला धरून भिंतीपाशी आणलं.

"पाजी, ये देखो. अपना बत्तिस्ता खडा है."

सुखविंदरनं कागद वाचला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खडा नहीं है भाईसाब. बंदा गुजर गया. कल शाम को."

मी तिथंच पायरीवर बसलो. पाच महिन्यांतले ते सगळे म्हातारे उमेदवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. आणि दुकानवालीसमोर मी केलेली शाईची खूण आठवली. आपल्या बापासारख्या माणसाच्या मरणाला मी शाब्बास म्हणून आलो होतो. लाजेनं मेल्यासारखं झालं, आणि रडायलाही आलं.

सुखविंदरनं दुपारपर्यंत मला एक वाक्य पाठ करून घेतलं. सेन्तीते कोन्दोल्यान्त्से. म्हणजे तुमच्या दुःखात मी आहे. "बस इतना बोलना, और कुछ नहीं," असं त्यानं चारदा बजावलं. मी जिन्यात, आरशासमोर, चपला घालताना तेच घोकत होतो. जीभ कोन्दोवर अडखळायची. मला एकच भीती होती, की बाईंसमोर हे वाक्य चुकेल.

घरात दहा-बारा माणसं होती. बत्तिस्ताला आतल्या खोलीत पलंगावर ठेवलं होतं, सूट घालून. पायात बूटसुद्धा होते. पलंगावर बूट बघून मला कसंतरीच झालं, पण पाय ते पाय. मी वाकलो आणि त्या बुटांवर डोकं टेकवलं. कुजबुज झाली, तिकडं मी लक्ष दिलं नाही. पाल्मिराबाई काळ्या कपड्यांत बसली होती. तिच्यासमोर उभा राहिलो आणि एका दमात म्हणालो, "सेन्तीते कोन्दोल्यान्त्से."

नीट म्हणालो. एक अक्षर चुकलं नाही. बाईंनी माझा गाल हातात धरला, "ग्रात्सिये, बालू," म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. माझेही भरले. वाटलं, चला, जमलं.

मग मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो, रीतीप्रमाणे, गप्प. थोड्या वेळानं बाई स्वतः उठून माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. मी हात जोडून नको म्हटलं. तिनं पाणी आणलं. तेही नको म्हटलं. अर्धा तास बसलो, मग उठलो, आणि खाली मान घालून बाहेर पडलो. खोलीवर येऊन डोक्यावरून अंघोळ केली. अंगावरचे सगळे कपडे धुतले, आणि सज्जात वाळत घातले. आईनं लहानपणापासून जे शिकवलं ते सगळं इतक्या लांब, एकट्यानं, न चुकता केलं. मनाला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसलो. बाहेर पडताना पाल्मिराबाई दारात उभी राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होती. माझी पाळी आली. मी हात पुढं केला. बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या मागच्या माणसाचा हात धरला.

मला वाटलं दिसलो नसेन. रडून डोळे गेलेत बिचारीचे. पण संध्याकाळी खिडकीतून नमस्कार केला तर तिनं खिडकीची दारं लावून घेतली.

आता माझं डोकं चालेना. काय चुकलं म्हणून मी पहिल्यापासून उजळणी केली, आणि पावाच्या दुकानापाशी येऊन थांबलो. झालं. दुकानवालीनं सांगितलं असणार. दुसरं काय असणार?

म्हणून शुक्रवारी पाल्मिराबाई पाव घ्यायला आली तशी मी तिला दुकानाबाहेर गाठलं. भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. म्हणालो, "सिन्योरा, व्होतो नो. स्कूझा. व्होतो नो." माफ करा, मतदान नाही. बाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. म्हणजे दुकानवालीनं काही सांगितलंच नव्हतं, आणि मी आपणहून मयताच्या बायकोपुढं निवडणुकीचा विषय काढला होता. मग घाबरून मी पुन्हा "सेन्तीते कोन्दोल्यान्त्से" म्हणालो. बाई चालायला लागली. मी तिच्या पाठीला आणखी एकदा म्हणालो, जरा मोठ्यानं.

"वाक्य गलत था क्या, पाजी?" मी सुखविंदरला विचारलं.

त्यानं माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. "एकदम सही है. मेरे से अच्छा बोलते हो."

"मग बाई बोलत का नाही माझ्याशी?"

"गम में है. टाइम दो."

वेळच तर नव्हता माझ्याकडं. माझं परतीचं तिकीट पुढच्या गुरुवारचं होतं.

रविवारी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसलो. बारा वाजले. चर्चची घंटा झाली. समोर बाईंच्या खिडकीतून लसूण परतल्याचा वास आला, म्हणजे ती घरात होती, रांधत होती. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. डाव वाजला नाही. मी एक वाजेपर्यंत बसून होतो आणि मग कोरडा पाव खाल्ला. त्या दिवशी मला बत्तिस्ता गेल्याचं जेवढं वाईट वाटलं तेवढं चर्चमध्येही वाटलं नव्हतं. ज्या घरानं परक्या मुलखात मला घरचं केलं, त्या घराच्या मनातून मी उतरलो होतो, आणि कशानं उतरलो हे न कळताच विमानात बसायची वेळ आली होती.

बुधवारी दुपारी बॅग भरताना बत्तिस्ताचा हूक सापडला. धागा ओढून घ्यायची चपटी पितळी पट्टी असते तसली, त्यानं वापरायला दिलेली, मूठ त्याच्या अंगठ्यानं झिजलेली. परत द्यायला हवा. म्हटलं, एवढं निमित्त पुरे. गल्ली ओलांडली आणि दार वाजवलं.

पाल्मिराबाईंनी दार अर्धंच उघडलं. मी हूक पुढं धरला. तिनं तो घेतला नाही. मग ती बोलायला लागली, हळू, एकेक शब्द सुटा करून, हाताने दाखवत. बत्तिस्ता मला शिकवताना बोलायचा अगदी तसं. म्हणून मला सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

"कॉफी आणली. नको. पाणी आणलं. नको. बरं." तिनं एकेक बोट दुमडलं. "मग उठलास. गेलास. माझ्याकडं बघितलं नाहीस. अर्रिवेदेर्ची नाही, चाओ नाही, काही नाही. चोरासारखा. घरात बत्तिस्ता होता, बालू. त्याच्या घरातून असा गेलास."

मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"आणि मग धुतलंस. शर्ट. पँट. मोजे. सगळं. लगेच." तिनं माझ्या सज्जाकडं बोट दाखवलं. "मी खिडकीत होते."

मग तिनं तो शब्द विचारला. "स्कीफो?"

आमची शिसारी येते का तुला, असं विचारत होती ती. पाच महिने मला जेवायला घालणारी बाई.

जे केलं ते मान म्हणून केलं होतं, एकेक गोष्ट, आईला आठवून. आणि हे तिला सांगायचं कसं? फिलो आणि रोत्तोनं? सुखविंदरनं शिकवलेलं वाक्य तर केव्हाच संपलं होतं. पण उद्या मी जाणार होतो. आज सांगितलं नाही तर ही बाई जन्मभर हेच धरून बसणार होती.

"सिन्योरा, स्कीफो नो," मी म्हणालो. "इंडिया. माझं घर. मोर्ते." म्हणजे मरण. "घरात मोर्ते, चूल नो. काफ्फे नो. पाणी नो. सगळे असेच. माझी आई, माझा बाप, सगळे. मग अंघोळ. कपडे. सगळे."

ती ऐकत होती. दार होतं तेवढंच उघडं होतं.

"आणि अर्रिवेदेर्ची नो," मी म्हणालो. इथं मला सगळ्यात जास्त शब्द हवे होते आणि इथंच नव्हते. त्यांचं अर्रिवेदेर्ची म्हणजे पुन्हा भेटू, तसं आमच्याकडं एरवी कुणाच्याही घरातून निघताना येतो म्हणायचं, जातो म्हणायचं नाही. पण मयताच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. कारण पुन्हा तसंच येणं होऊ नये. हे मी असं सांगितलं: "मी अर्रिवेदेर्ची म्हणतो. मोर्ते ऐकते. मोर्ते पुन्हा येते. इथं, ह्या घरात. म्हणून नो. तेरा दिवस नो. त्रेदीची." बोटं दाखवली, दहा आणि तीन. "मग अर्रिवेदेर्ची, सी."

पाल्मिराबाईंनी मान वळवून मागं बघितलं. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या. एकीच्या पाठीवर बत्तिस्ताचं जाकीट अजून तसंच टांगलेलं होतं. टेबलावर एक ताट होतं, आणि माझी लोणच्याची बरणी.

"मगारी," ती म्हणाली.

हा शब्द मला येत नव्हता. मी हूक पुन्हा पुढं केला. तिनं माझ्या मुठीवर हात ठेवून ती मिटली आणि माझ्या छातीकडं ढकलली. ठेव म्हणाली की चालता हो म्हणाली, देव जाणे. मग दार लागलं. आपटलं नाही, पण लागलं. मी दाराबाहेर उभा राहिलो. आता तरी म्हणू का नको? नववा दिवस होता. नाही म्हणालो.

सुखविंदर गोठ्यावरून आल्या आल्या मी त्याला विचारलं, "पाजी, मगारी मतलब?"

"मगारी? मतलब, काश. काश ऐसा हो जाए." त्यानं पगडी काढून खुंटीला लावली. "किस बात पे बोली?"

मी त्याला सांगितलं नाही. मरण पुन्हा ह्या घरात येईल, असं मी म्हणालो होतो. आणि त्या घरात आता एकच माणूस उरलं होतं.

गुरुवारी सकाळी बॅग घेऊन निघालो तेव्हा तिच्या खिडकीची दारं बंद होती. मी इचलकरंजीला आलो, आठ माग लावले, चालवले. बाईंचा पत्ता होता माझ्याकडं, पण पत्रात लिहायचं काय आणि कुठल्या भाषेत? बाईंना माझं म्हणणं पटलं, की ती रागातच राहिली, की मी तिला जास्तच दुखवून आलो, हे मला बारा वर्षं कळलं नाही. हूक मात्र रोज वापरत होतो.

२०११ साली माझी आई गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी घरात सतरंज्या टाकल्या होत्या, भावकीची माणसं बसली होती. दारात रिक्षा थांबली आणि आतून एक गोरा उतरला. चाळिशीचा, टक्कल पडलेला. कारखान्यात नवे माग लावायला इटलीहून फाउस्तो नावाचा मिस्त्री येणार आहे एवढं मला ठाऊक होतं. मालकांनी त्याला माझ्याबद्दल सांगितलं असणार.

त्यानं बूट बाहेर काढले. माझ्यासमोर येऊन "कोन्दोल्यान्त्से" म्हणाला आणि सतरंजीवर मांडी घालायला धडपडत खाली बसला. माझ्या चुलतभावाला परक्या पाहुण्यापुढं काय करावं ते सुचेना, तो पटकन तांब्या-भांडं घेऊन आला. फाउस्तोनं हात जोडले आणि मानेनं नको म्हटलं. पंधरा-वीस मिनिटं तो गप्प बसून राहिला. मग उठला, खाली मान घातली, आणि कुणाकडंही न बघता, एक शब्द न बोलता बाहेर पडला. बूट हातातच घेऊन रिक्षात बसला.

"कुणाचा रं ह्यो?" माझी आत्या म्हणाली. "गोरा असून रीतभात हाय की."

आई गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो.

तेरावा झाल्यावर कामावर गेलो. फाउस्तो नव्या मागाखाली पाठीवर झोपून नट आवळत होता. मी त्याच्याशेजारी बसलो.

"त्या दिवशी माझ्या घरी," मी मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"झिया पाल्मिरा," तो म्हणाला. मामी पाल्मिरा. तो बत्तिस्ताच्या बहिणीचा मुलगा निघाला. "आमच्या कारखान्यातला कुणीही इंडियाला निघाला की ती त्याला घरी बोलावते आणि पाठ करून घेते. काफ्फे नाही. पाणी नाही. अर्रिवेदेर्ची नाही. मग अंघोळ." तो मागाखालून बाहेर सरकला, जरा काळजीत दिसला. "मी हॉटेलवर जाऊन सगळे कपडे धुतले. मोजेसुद्धा. जूस्तो?"

"जूस्तो," मी म्हणालो. बरोबर.

"आणि तुझ्यासाठी एक निरोप आहे. पण तेरा दिवस सांगायचा नाही म्हणाली होती, तसं काही घरात झालं असेल तर." त्यानं हात पुसले. "म्हणाली, बालूला विचार, माझे तेरा दिवस अजून संपले नाहीत का?"

मी त्याच्याकडं फोन मागितला. त्यानं नंबर लावून दिला. मागांच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी बाहेर, सुताच्या गाठोड्यांपाशी गेलो. बराच वेळ घंटी वाजली. मग एक म्हातारा आवाज आला, "प्रोन्तो?"

बारा वर्षांत माझं होतं नव्हतं ते इटालियनही गंजून गेलं होतं. पण एक शब्द तेवढा राहिला होता.

"सिन्योरा, बालू," मी म्हणालो. "अर्रिवेदेर्ची."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मगारी, बालू," पाल्मिराबाई म्हणाली. "मगारी."

ह्या वेळी मला कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.